नऊ नकार

१

दातवालीच्या नावाने कुणीतरी बारा दिवसांत नऊ क्रेडिट कार्डांसाठी अर्ज केले होते, आणि नऊच्या नऊ नाकारले गेले होते. एक पैसा गेला नव्हता, एक कार्ड निघालं नव्हतं, आणि तरीही बाई पुरती लुटली गेली होती. एवढं समजायला बेताची अक्कल पुरते. पण ती तिच्या घरात कुणाकडे नव्हती, आणि बँकेत अक्कल वापरायला वरून परवानगी लागते.

दातवाली म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कृत्रिम दात करून देणाऱ्या लॅबमधली कारागीर. माझा वरचा पुढचा दात तिच्या हातचा आहे. शेजारचे खरे दात त्याच्यापुढे खोटे वाटतात. अशा हाताच्या बाईला कागद वाचायचा मात्र विलक्षण कंटाळा, आणि म्हणूनच ती त्या दुपारी माझ्यासमोर डोळे पुसत बसली होती.

माझ्याकडेच का आली, तर मी एकतीस वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात अर्ज नाकारायचं काम केलं. ऑफिसात मला पाठीमागे नकारबाई म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते महिन्याभरात बंद पडलं.

"काकू, मी एकच अर्ज केला होता," ती म्हणाली. "बाकीचे कुणी केले, मला खरंच माहीत नाही."

"मग रडतेस कशाला? कागद दे इकडे."

दोन कागद होते. पहिला नकाराचा. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला. तथापि अंतर्गत धोरणानुसार आम्ही आपला अर्ज मंजूर करू शकत नाही.' मी तो पुन्हा एकदा वाचला, कारण ते वाक्य माझं होतं. बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी मी ते लिहिलं होतं. त्यात काहीच सांगितलेलं नाही, म्हणून ते सगळ्या बँकांना आवडलं आणि सगळ्यांनी उचललं.

दुसरा कागद तिच्या क्रेडिट अहवालाचा. तुम्ही कार्डाला अर्ज केला की बँक तुमची पत तपासते, आणि त्या तपासणीची नोंद अहवालात राहते. थोड्या दिवसांत अशा खूप नोंदी दिसल्या की पुढची बँक समजते, हा माणूस बुडतोय आणि हाताला येईल ते धरतोय. माझ्या टेबलावर असा अहवाल आला की चहा गार व्हायच्या आत मी तो अर्ज नाकारत असे.

दातवालीची गरज साधी होती. आठ महिन्यांपूर्वी तिने पोर्सेलीनचे दात भाजायची भट्टी घेतली, स्वतःची लॅब काढायला. पैसे जुन्या कार्डावर गेले. त्यावर दोन लाख दहा हजार बाकी होती आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बॅलन्स ट्रान्सफर कार्ड मिळालं असतं तर ही बाकी नव्या बँकेच्या कार्डावर वळली असती, आणि अठरा महिने व्याज शून्य. तेवढ्यात तिचं दुकान उभं राहिलं असतं. नाही मिळालं तर महिनाअखेरीस भाड्याची खोली सोडायची, भट्टी विकायची आणि जन्मभर मालकाकडे दात घासायचे. महिनाअखेरीला अकरा दिवस होते.

"चोराला काय मिळालं मग?" ती म्हणाली. "सगळीकडे नाकारलंच ना त्याला."

या प्रश्नासाठी मी तिला मनातल्या मनात दहापैकी सात मार्क दिले.

२

तिच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. मी धापा टाकत वर पोचले तेव्हा तो सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

"मला तर भट्टीचंच आत्ता कळलं," तो म्हणाला. "ते नकाराचं पत्र घरी आलं, आईने उघडलं, तेव्हा."

"दुसऱ्याची पत्रं उघडायची सवय आहे वाटतं?" मी सासूबाईंना विचारलं.

"घरात आलेलं पत्र घराचंच असतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि स्पष्टच बोलते, नाही म्हणाली बँक ते बरं झालं. बाईमाणसाने दुकान मांडायचं, मग घराकडे बघायचं कुणी?"

"तुमचा मुलगा बघेल. बसलेलाच आहे."

सासूबाईंनी नाक मुरडलं. नवरा हसला, मग आपल्यालाच बोलल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्याला बायकोच्या ओळखपत्राचा नंबर विचारला तर त्याने तिच्याकडेच पाहिलं. तिची जन्मतारीखही त्याला एका दिवसाने चुकली. नऊ अर्ज भरायला जी चिकाटी लागते तिचा त्या माणसात लवलेश नव्हता. पण आळशी माणसंसुद्धा द्वेषापोटी कामाला लागतात, हे मी ऑफिसात पुष्कळ पाहिलं आहे, म्हणून मी त्याला यादीतून काढलं नाही.

तिथून आम्ही कार्डदादाकडे गेलो. बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या दाराशी त्याचं टेबल असतं. तिच्या जुन्या कार्ड कंपनीचा हा एजंट. टेबलावर फुगे, पेनं, आणि ज्यांना कार्ड नको आहे अशा लोकांसाठी चॉकलेटं. तिचं जुनं कार्ड त्यानेच काढून दिलं होतं, आणि नकार आल्यावर तिचा क्रेडिट अहवालही त्यानेच काढून दिला होता.

"ताई, मला तर बघून धक्काच बसला," तो म्हणाला. बोलताना तो साखर पेरत होता. "नऊ चौकश्या. मॅडम, तुम्हीच सांगा, कोण करेल असं? मी ताईंना म्हटलं, आता सहा महिने कुठेही अर्ज करू नका. आमच्याच कार्डावर राहा शांतपणे, थोडं थोडं भरत."

"ही बाकी दुसरीकडे वळवणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. त्यासाठी बाकीचं पत्रक लागतं ना, ते ताईंनी माझ्याकडेच मागितलं होतं. मी दिलं लगेच."

"लगेच?" दातवाली म्हणाली. "दोन आठवडे लागले हो दादा."

"वरून यायला उशीर होतो ताई. माझ्या हातात असतं तर त्याच दिवशी दिलं असतं."

इतका गोड माणूस मला सहन होत नाही, पण गोडपणा हा गुन्हा नाही. मी एक चॉकलेट उचललं आणि निघाले. ते पाघळलेलं होतं.

रस्त्यावर आल्यावर मी दातवालीला विचारलं, "नऊ अर्ज नाकारले, म्हणजे नऊ नकारपत्रं निघाली. ती कुठे आहेत?"

ती जागच्या जागी थांबली. घरी एकच पत्र आलं होतं, तिच्या खऱ्या अर्जाचं.

"जुन्या कार्डाच्या वेळी मी पत्ता लॅबचा दिला होता," ती हळूच म्हणाली. "घरी कळायला नको म्हणून. या वेळी लॅबच सोडायची होती, म्हणून घरचा दिला."

३

लॅबमध्ये प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे. फळीवर जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली डॉक्टरचं नाव. मालक आतल्या काचेच्या खोलीत बसतो. त्याला स्वतःला साधी दाढ घडवता येत नाही. त्याला बिलं घडवता येतात.

"टपाल कोण घेतं इथे?" मी विचारलं.

"मीच. का?"

"हिच्या नावाची पत्रं आली होती. नऊ."

"माझ्याकडे नाहीत."

"मी नऊ बँकांत विचारणार आहे ती कोणत्या दिवशी कुठे पोचली. मग पोलीस विचारतील. तुम्ही ठरवा, आधी कोणाशी बोलायचं."

यातलं पहिलं वाक्य पोकळ होतं. साध्या टपालाचा असा माग लागत नाही. पण भित्रा माणूस खरं-खोटं तपासत बसत नाही. त्याने खालचा खण उघडला आणि नऊ लिफाफे टेबलावर ठेवले. नऊच्या नऊ फोडलेले.

दातवाली त्या लिफाफ्यांकडे बघत राहिली. "साहेब, परवा तुम्ही मला विचारलंत, भट्टी विकतेस का, निम्म्या किमतीत. मला वाटलं तुम्हाला दया आली."

"मी फक्त वाचली," मालक म्हणाला. "मला काय वाटलं, तू सगळीकडे पैसे मागत फिरतेस, लॅब सोडायला. मी अर्जबिर्ज काही केलेले नाहीत. कुणी तुला नाही म्हणत असेल तर मी मध्ये कशाला पडू?"

हा बाकी खरा माणूस होता, स्वतःच्या क्षुद्रपणाशी अगदी प्रामाणिक. दातवालीच्या दृष्टीने तपास तिथेच संपला. बाहेर येताच तिने मला सांगितलं, यानेच केलंय काकू, याच्याकडे माझी सगळी कागदपत्रं आहेत, भट्टीही यालाच हवी आहे.

"असेल," मी म्हणाले. "पण स्वतः पेरलेली पत्रं कुणी फोडून वाचत बसत नाही. आत काय असणार हे त्याला आधीच माहीत असतं."

मी लिफाफ्यांवरची नावं वाचली. एक, दोन, तीन. पाचव्या नावाला मला विचित्र वाटायला लागलं, आणि नवव्या नावाला मी रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसले.

४

आपल्या नावाने आलेला अर्ज बघायचा हक्क प्रत्येकाला असतो. बँका तो सांगत नाहीत. त्या नऊपैकी एका बँकेत माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता अधिकारी आहे. तिने आम्हाला चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. हे मीच तिला शिकवलं होतं, समोरचा आपोआप कंटाळून जातो म्हणून. आम्ही गेलो नाही.

"मॅडम, नकाराचं कारण सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"कारण मला पाठ आहे. अर्ज दाखव."

अर्ज कागदी होता, बँकेच्या दारातल्या पेटीत टाकलेला. अक्षर छापील वळणाचं, कुणाचंही असू शकेल असं. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, त्यावर दातवालीची सही. सही खरी होती. फक्त सहीखाली तारीख नव्हती, आणि प्रत कशासाठी दिली तेही लिहिलेलं नव्हतं.

"अशा कोऱ्या सह्या करून ठेवल्या होत्यास?"

"एकदा केल्या होत्या," ती ओशाळून म्हणाली. "लागतात म्हणाले. दहा-बारा प्रतींवर."

अधिकारी मुलगी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. जगातली निम्मी फसवणूक या दहा-बारा प्रतींवर चालते. लोक कुलपाला कुलूप लावतात आणि कोऱ्या झेरॉक्सवर सह्या करून वाटतात.

अर्जावर चिकटवलेल्या फोटोत दातवालीचे केस कानापर्यंत होते. आता तिची वेणी कमरेला लागते.

"हा दोन वर्षांपूर्वीचा," ती म्हणाली. "जुनं कार्ड काढलं तेव्हाचा. फोटोच्या सोळा प्रती काढल्या होत्या. एक त्या कार्डाला लागली. उरलेल्या घरी असतील, नाहीतर कुठल्यातरी फाइलमध्ये."

मग मी उत्पन्नाची ओळ वाचली. दरमहा साडेएकोणतीस हजार. मी ती तिला दाखवली आणि तिचा चेहरा उतरला.

"तुझा पगार काय आहे?"

तिने अधिकारी मुलीकडे पाहिलं.

"बाहेर चल," मी म्हणाले.

५

बाहेर जिन्यात, तिसऱ्या पायरीवर बसून दातवालीने कबुली दिली. खरा पगार अडतीस हजार. नवऱ्याला सांगितलेला चोवीस. सासूबाईंना बावीस, कारण त्या त्यातून दोन हजार मागतात. वरचे पैसे भट्टीच्या हप्त्याला जात होते.

"काकू, प्लीज, घरी कळलं तर भट्टीही राहणार नाही आणि मीही."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. एकतीस वर्षं मी लोकांची खोटी उत्पन्नं वाचली. सगळे फुगवून सांगतात. कमी करून सांगणारी, आणि तेही कामासाठी, मला ही पहिलीच भेटली.

"साडेएकोणतीस कुणाला सांगितला होतास?"

"कुणालाच नाही. म्हणजे, दोन वर्षांपूर्वी तेवढाच होता. पाच महिनेच. मग वाढला."

मी नऊ लिफाफे पुन्हा चाळले. मला दुकानाच्या पायरीवर बसायला लावणारी गोष्ट ही होती: या नऊ बँकांत एक गोष्ट समान आहे. पस्तीस हजारांखालच्या पगाराचा अर्ज त्यातली एकही बँक मंजूर करत नाही, पत मात्र तपासते. ही हद्द कुठे छापलेली नसते. धंद्यातल्या माणसांनाच ती ठाऊक असते. शहरात तीस हजारांच्या आतल्या पगारालाही कार्ड देणाऱ्या सोळा-सतरा बँका आहेत, आणि चोराने त्यातल्या एकीच्याही दारात पाऊल टाकलं नव्हतं.

म्हणजे चोराला कार्ड नको होतं. त्याला नकारच हवे होते. एखादं कार्ड चुकून मंजूर झालं असतं तर त्याचा सगळा डाव फसला असता.

"उद्या चार वाजता तुझ्या खोलीवर सगळ्यांना बोलाव," मी म्हणाले. "नवरा, सासूबाई, मालक. भट्टीचा सौदा करायचा आहे म्हण. आणि कार्डदादाला सांग, भट्टी विकून बाकी फेडणार आहे, तुझी फाइल घेऊन ये."

"काकू, पगाराचं बोलणार नाही ना तिथे?"

"पगारावरच बोलणार आहे," मी म्हणाले, आणि ती पायरी धरून बसली.

६

खोली एका छापखान्याच्या मागे होती. एक खिडकी, एक नळ, एक मजबूत टेबल, आणि टेबलावर भट्टी. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं यंत्र, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. दातवालीने बसायला रिकामी खोकी मांडली होती. सासूबाईंनी खोक्यावर आधी रुमाल पसरला. मालक आल्याबरोबर भट्टीभोवती फिरून पिशवीवरूनच बटणं दाबायला लागला.

"हात लावू नका," दातवाली म्हणाली. तिच्या तोंडून मालकाला हुकूम गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

कार्डदादा खांद्याला बॅग लावून दारात उभा राहिला. "ताई, वाईट वाटतंय हो," तो म्हणाला. "एवढं स्वप्न होतं तुमचं."

मी सगळ्यांना एकेक कागद दिला. "विक्रीआधी शेवटचा उपाय म्हणून बँकेकडे फेरविचाराचा अर्ज करते आहे. हिला ओळखणाऱ्या चौघांनी हिचा पगार लिहून द्यायचा असतो. एकमेकांचं बघू नका. घडी घालून माझ्याकडे द्या."

असा काही नियम जगात नाही. पण बँका याहून बिनडोक गोष्टी रोज मागतात, त्यामुळे कार्डदादालाही संशय आला नाही. तो जरासा हसला आणि त्याने चटकन लिहून दिलं. नवऱ्याने पेन चावलं. सासूबाईंनी त्याच्या कागदात डोकवायचा प्रयत्न केला. दातवाली भिंतीला टेकून उभी होती.

मी चारही चिठ्ठ्या मनातल्या मनात वाचल्या. बावीस. चोवीस. अडतीस. तीन चिठ्ठ्या घडी घालून पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली. चौथी हातात ठेवली.

"या तिघांनी लिहिलेलं बँकेला चालेल," मी म्हणाले. "कार्डदादा, तुमचा आकडा मात्र चुकला."

"साडेएकोणतीसच आहे मॅडम. अर्जात ताईंनीच लिहिलाय."

"कोणत्या अर्जात?"

"आमच्या कार्डाच्या."

"बरोबर. दोन वर्षांपूर्वीच्या. त्यानंतर तो आकडा कुणाच्याच तोंडी नव्हता. आणि आता तोच आकडा नऊ अर्जांवर आहे."

"मला वाटलंच, एवढा कुठला," नवरा म्हणाला. मालकाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि टपालाच्या खणाची आठवण दोघांनाही एकदमच झाली. त्याने तोंड मिटलं.

कार्डदादाचं हसू अजून जागेवर होतं. "मॅडम, आकडा काय, कुणालाही कळू शकतो. नवऱ्याला नसतो का माहीत पगार?"

"त्यांना नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. "शिवाय त्या नऊ बँका बघा. सगळ्या पस्तीसच्या हद्दीच्या. ही यादी लिफ्टवाल्याला माहीत असते? सासूबाईंना? मालकाला तर स्वतःच्या कार्डाचं व्याज सांगता यायचं नाही. या खोलीत ती हद्द दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि तुम्हाला. हिने बाकीचं पत्रक मागितलं, तुम्ही चौदा दिवस लावलेत. त्यातल्या बारा दिवसांत नऊ अर्ज पेट्यांमध्ये पडले."

"हे सगळं तुमचं म्हणणं झालं. पुरावा काय?"

"तो तुम्ही बॅगेत घेऊन आलात. फाइल काढा."

त्याने बॅगेचा पट्टा धरून ठेवला. मग दातवालीने पुढे होऊन बॅग खाली घेतली आणि चेन उघडली. आत पंचवीस-तीस फाइली होत्या, प्रत्येकीवर एकेक नाव. तिने आपली काढली आणि माझ्या हातात दिली. मागच्या खिशात एक पाकीट होतं.

"सोळा फोटो काढले होते," मी म्हणाले. "तुमच्याच सांगण्यावरून, होय ना?"

"पुढे लागतील म्हणाले होते," दातवाली म्हणाली. "झेरॉक्सवर सह्याही त्यांनीच करून घेतल्या. फाइल तेव्हापासून त्यांच्याकडेच आहे."

"एक फोटो तुमच्या कार्डाला लागला. पंधरा उरायला हवेत. मोज गं."

तिने कानापर्यंत केस असलेले आपले फोटो एकेक करून टेबलावर मांडले, भट्टीशेजारी. सहा होते. नऊ कमी होते, आणि ते नऊ कुठे चिकटलेत हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं, नवऱ्यालासुद्धा.

कार्डदादा खोक्यावर बसला. "ताई, तुम्ही दरमहा व्याज भरता ना, त्यातलं बाराशे मला मिळतं. तुम्ही गेलात की बंद. या वर्षात माझी अकरा गिऱ्हाइकं अशीच गेली, बाकी वळवून. मला काही तुमचं वाईट करायचं नव्हतं. तुम्ही होतात तिथेच राहिला असतात, एवढंच."

"बाराशे रुपये," दातवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी तुम्हाला तुमच्या मुलीचा दात फुकट करून दिला होता दादा. त्याचे चार हजार होतात."

मी आयुष्यात पुष्कळ लबाड पाहिले आणि काहींचं कौतुकही केलं. या माणसाचं मला काहीच वाटलं नाही. मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि त्याला सगळं लिहायला लावलं. सही करून झाल्यावर सहीखाली तारीख घालायला सांगितली, आणि कागद कशासाठी दिला तेही.

७

कार्ड कंपनीच्या व्यवस्थापकाची खोली फार थंड होती. असे लोक गिऱ्हाइकाने लवकर उठावं म्हणून खोली थंड ठेवतात. मी शाल घेऊन गेले होते.

"आम्ही त्या एजंटला आजच काढतो," तो म्हणाला. "विषय संपला."

"तुमचा संपला. हिच्या अहवालातल्या नोंदी निघायला दीड महिना लागेल आणि हिच्याकडे आठ दिवस आहेत. दुसरी बँक हिला कार्ड देणार नाही. पण तुम्हाला कुठे पत तपासायची आहे? ही तुमचीच गिऱ्हाईक आहे. आहे त्या बाकीवर अठरा महिने व्याज शून्य करा. बाहेर मिळालं असतं तेवढंच मागतेय."

"असं आम्ही कुणालाच देत नाही मॅडम. उद्या सगळेच मागतील."

"त्याच्या बॅगेत पंचवीस-तीस फाइली होत्या," मी म्हणाले. "मी फोटो एकाच फाइलीतले मोजलेत."

त्याने एसी कमी केला. दोन दिवसांनी पत्र आलं. दातवालीने ते खोलीवर मला वाचायला दिलं, कारण कागद वाचायचा तिला अजूनही कंटाळा. 'आपल्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला. अंतर्गत धोरणानुसार आपल्या बाकीवर अठरा महिने व्याज आकारले जाणार नाही.' एजंटाचा उल्लेख नाही, चुकीची कबुली नाही. माझंच वाक्य, शेपूट बदललेलं. उरलेल्या फाइलींची तक्रार मी व्यवस्थापकाला भेटायच्या आधीच टपालात टाकली होती, हे त्याला तोवर कळलं असेल.

भट्टीवरची पिशवी निघाली होती. आत तांबडं दिसत होतं आणि आठ दात भाजत होते, एका डॉक्टरचे पहिले. मी पर्समधल्या तीन चिठ्ठ्या दातवालीच्या हातात दिल्या.

"यांचं काय करायचं ते तू ठरव. भट्टीत टाक हवं तर."

"नको काकू, पोर्सेलीन काळं पडेल," ती म्हणाली आणि चिठ्ठ्या एप्रनच्या खिशात ठेवल्या. "ह्यांना मीच सांगेन आता. पहिलं बिल आलं की." मग तिने मला विचारलं, "काकू, तुम्हाला कसं सुचलं हो, की हे अर्ज माझे नसतील? बँकेत तर कुणाला सुचलं नाही."

"तू सांगितलंस म्हणून," मी म्हणाले.

तिला ते उत्तर पुरलं आणि ती कामाला लागली. मला पुरलं नाही. थोड्या दिवसांत सात, नऊ, अकरा चौकश्या असलेले अहवाल माझ्या टेबलावर दर आठवड्याला यायचे. एकतीस वर्षं. हे अर्ज खरंच तुम्ही केलेत का, असं मी त्यातल्या एकालाही विचारलं नाही. सगळ्यांचे नंबर अर्जावर लिहिलेले असत, आणि फोन माझ्या टेबलावरच होता.